मुलाखतीच्या आधीची धडधड

मागच्या महिन्यातली गोष्ट. सोमवारची सकाळ. दवाखान्याचे शटर नुकतेच वर केले होते. तेवढ्यात एक रिक्षा दारात थांबली. इंदुरीकडचा एक तेवीस वर्षांचा मुलगा आणि त्याची आई उतरली. मुलाच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट, काखेत प्लॅस्टिकची फाइल. पण त्याला धाप लागली होती. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि एक वाक्य पुरे करायला त्याला दोनदा थांबावे लागत होते.

"डॉक्टर, दहा वाजता चाकणला मुलाखत आहे त्याची. काही तरी लवकर करा," आई म्हणाली.

मी त्याला खुर्चीवर टेकून बसवले, नेब्युलायझर लावला, औषधे दिली. तास-दीड तासाने श्वास मोकळा झाला. तोवर दहा वाजून गेले होते. मग मी विचारले, "आज सकाळपासून काय काय पोटात गेलं?" तो गप्प राहिला. आई बाहेर पाणी आणायला गेली तेव्हा म्हणाला, "शेजारच्या काकांची बीपीची गोळी घेतली, सर. मित्र म्हणाला, ती घेतली की हात थरथरत नाहीत."

गोळी होती प्रोप्रॅनोलॉल. मित्राचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. या गोळीने छातीतली धडधड आणि हातांचा कंप कमी होतो. पण या मुलाला लहानपणापासून दमा. दम्याच्या रोग्याची श्वासनलिका या गोळीने आवळली जाऊ शकते आणि जिवावर बेतू शकते. दोन परीक्षा पास होऊन, तीन महिने वाट पाहून मिळालेली मुलाखत त्याने एका उसन्या गोळीपायी घालवली होती. प्राण वाचले, हे नशीब.

वाचकहो, आपल्या तळेगावात हा विषय घरोघरचा आहे. एका बाजूला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या बाजूला चाकण, आणि दाराशी नवलाख उंबऱ्यापर्यंत पसरलेली आपली एमआयडीसी. आयटीआय, डिप्लोमा, बी. कॉम. झालेली मुले-मुली फाइल घेऊन लोकलला, बसला उभी असलेली आपण रोज पाहतो. मुलाखतीत काय विचारतात हे सांगणारे क्लास पुष्कळ आहेत. पण मुलाखतीला जाते ते शरीर. त्याची तयारी कोणी सांगत नाही. म्हणून आजचा लेख.

धडधड म्हणजे आजार नव्हे

मुलाखतीआधी छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहात घामेजतात, लघवीला वारंवार जावेसे वाटते, काहींचे पोट बिघडते. हे सगळे एका रसायनाचे खेळ आहेत. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. संकट दिसले की त्यांतून ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते. हृदय जोरात चालते, स्नायूंना जास्त रक्त मिळते, पचनाचे काम तात्पुरते मागे पडते. वाघ समोर आला तर पळता यावे किंवा लढता यावे, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला याचा सविस्तर अभ्यास केला. शरीराला बिचाऱ्याला हे कळत नाही, की समोर वाघ नसून टेबलामागे बसलेले तीन साहेब आहेत.

थोडी भीती उपयोगाचीच असते. ज्या १९०८ साली आपल्या तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला, त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोघांनी उंदरांवरचा आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना एक अवघड फरक ओळखायला शिकवायचे आणि चूक झाली की विजेचा हलका धक्का द्यायचा. धक्का अगदीच क्षीण असला तर उंदीर शिकायला वेळ लावत. धक्का फार जोराचा असला तरी वेळ लावत. मधल्या धक्क्याला सर्वांत लवकर शिकत. माणसाचेही साधारण असेच आहे. अजिबात भीती नसलेला उमेदवार तयारी करत नाही, आणि भीतीने गारठलेल्याला केलेली तयारी आठवत नाही. आपल्याला भीती घालवायची नसून तिला मधल्या पातळीवर आणायचे आहे.

त्यासाठी दोन साधे उपाय सांगतो. पहिला श्वासाचा. ताठ बसा. मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास आत घ्या, सहा आकडे मोजत हळूहळू सोडा. असे पाच मिनिटे करा. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते, म्हणून सोडण्याचा वेळ जास्त ठेवायचा. पण हा उपाय त्याच दिवशी पहिल्यांदा करून भागत नाही. पंधरा दिवस रोज रात्री केला तर वेळेला हाताशी येतो.

दुसरा उपाय मनाचा. "घाबरू नकोस, शांत हो" असे स्वतःला दटावून फारसा उपयोग होत नाही, कारण धडधडणारे हृदय ते ऐकत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांसमोर गाणे, भाषण करणे, गणित सोडवणे अशा कामांआधी काहींना "मी शांत आहे" असे म्हणायला सांगितले, काहींना "मला उत्साह वाटतो आहे" असे. उत्साह म्हणणाऱ्यांचे काम सरस झाले. आपल्या भाषेत सांगायचे तर, धडधड सुरू झाली की "गाडी चालू झाली, आता निघायचं" असे स्वतःला म्हणावे. कुस्तीच्या फडात उतरणारा पैलवान मांडी थोपटतो, तेव्हा त्याचेही हृदय धडधडतच असते.

गोळ्यांचा मोह टाळा

त्या मुलाने घेतलेल्या गोळीबद्दल वर सांगितलेच. दुसरी मागणी असते झोपेच्या किंवा "टेन्शनच्या" गोळीची. अल्प्राझोलामसारख्या गोळीने भीती कमी वाटते, पण दुसऱ्या दिवशी गुंगी राहते, जीभ जड होते, ऐन वेळी शब्द आठवत नाही. शिवाय सवय लागते ती वेगळीच. जुलाब थांबवायची गोळी आदल्या रात्रीच "खबरदारी म्हणून" घेणारेही भेटतात. तीही नको.

ज्यांना चारचौघांत बोलण्याची भीती इतकी आहे, की ते लग्नाला जात नाहीत, फोन उचलत नाहीत, वर्गात हात वर केला नाही म्हणून मार्क गेले, त्यांची गोष्ट निराळी. त्यांना उपचारांची गरज असू शकते आणि उपचार उपलब्ध आहेत. पण ते दोन महिने आधी सुरू व्हायला हवेत, मुलाखतीच्या सकाळी नव्हे. आणि गोळी तुमच्या डॉक्टरने तुम्हाला तपासून दिलेली असावी, शेजारच्या काकांची नसावी.

चहा-कॉफीचेही थोडे असेच. एक कप ठीक. पण रात्री जागून चार कप, सकाळी दोन कप, हे ॲड्रिनॅलिनच्या आगीत तेल आहे. चहा-कॉफीतले कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहानंतर चहा नको.

रुग्णांकडून शिकलेली गोष्ट

मुलाखतीत बोलावे कसे, हे मी सांगणारा कोण, असे कोणी म्हणेल. पण तीस वर्षे मीही रोज मुलाखतीच घेतो आहे. एक रुग्ण येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, काय सांगू, अंगात कसंतरीच होतंय, आमच्या मेव्हण्यालाही असंच झालं होतं." दहा मिनिटे जातात, हाती काही लागत नाही. दुसरा म्हणतो, "तीन दिवस ताप आहे. संध्याकाळी थंडी वाजून चढतो. क्रोसिन घेतली की चार तास उतरतो." माझे निम्मे काम झाले. काय झाले, केव्हापासून, मी काय केले, त्याचा परिणाम काय झाला. या चार पायऱ्या.

मुलाखतीचे उत्तरही याच चार पायऱ्यांवर द्यावे. "मी खूप मेहनती आहे" हे पहिल्या रुग्णासारखे झाले. "मी ॲप्रेंटिस असताना आमच्या मशीनवर जॉब वारंवार रिजेक्ट होत होता. मी आठवडाभर मापं लिहून ठेवली. टूल झिजल्यावर माप सरकतं असं दिसलं. सुपरवायझरना दाखवलं, टूल बदलायची वेळ ठरवली आणि रिजेक्शन कमी झालं." हे दुसऱ्या रुग्णासारखे झाले. अशा चार-पाच खऱ्या गोष्टी आपल्या आयुष्यातून शोधून वहीत लिहून काढा. कॉलेजातला प्रोजेक्ट, गणपती मंडळाचा हिशेब, वडिलांच्या दुकानातली उधारी वसूल करणे, काहीही चालेल. मग त्या मोठ्याने बोला. मनातल्या मनात पाठ केलेले तोंडातून येत नाही, कारण मन आणि जीभ यांचा सराव वेगवेगळा असतो. घरातल्या थोरल्या माणसाला समोर बसवा आणि त्याला म्हणा, "मला आडवे प्रश्न विचारा."

उत्तर येत नसेल तर "हे मला माहीत नाही, पण शिकून घेईन" असे सरळ म्हणावे. रुग्णाने माहीत नसलेले दुखणे रचून सांगितले की मला चटकन कळते. समोरच्यांनाही कळते. इंग्रजी अडत असेल तर "मराठीत किंवा हिंदीत सांगितलं तर चालेल का?" असे विचारण्यात कमीपणा नाही. बोलताना जीभ अडखळत असेल तर सुरुवातीलाच सांगावे, "मी बोलताना थोडा अडखळतो, जरा वेळ लागेल." लपवायचा ताण गेला की अडखळणेही पुष्कळदा कमी होते.

आदला आठवडा

झोप ही सर्वांत स्वस्त तयारी. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत. म्हणून आदल्या रात्री जागरण करून वाचणे म्हणजे घागर भरताना बूड काढून घेण्यासारखे आहे. आठवडाभर ठरावीक वेळी झोपा. रात्रपाळी करून सकाळी परस्पर मुलाखतीला जाणारे काही जण मी पाहिले आहेत. शक्य असेल तर आदल्या रात्रीची सुट्टी टाका.

सकाळी उपाशी जाऊ नका. उपवासाचा वार असला तरी त्या दिवशी देव रागावणार नाही. पोहे, उपमा, भाजी-भाकरी, अंडे, जे रोज पचते ते खावे. वडापाव, मिसळ, हॉटेलची नवी डिश त्या दिवशी नको. आईने हातावर दिलेले दही-साखर जरूर खावे, त्याने पोटाला काही होत नाही आणि मनाला बरे वाटते. पाणी थोडे थोडे प्यावे आणि आत जाण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे. उन्हाळ्यात बायोडेटाबरोबर पाण्याची बाटली हवीच.

तंबाखू, मिश्री, गुटखा. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी दवाखान्यात रोज लाल दात दिसतात. तोंडात तंबाखू धरल्याने "डोकं चालतं" असे मुले म्हणतात. प्रत्यक्षात नाडी आणि रक्तदाब वाढतो. मात्र ज्याला सवय आहे त्याने मुलाखतीच्या दिवशीच एकदम सोडली तर चिडचिड आणि अस्वस्थता होईल. सोडायची असेल तर महिनाभर आधी सोडा, आणि मग पुन्हा धरू नका.

रस्त्याचा हिशेबही प्रकृतीतच धरा. तळेगाव-चाकण रस्त्यावर वाहनांची रांग लागली की अर्ध्या तासाचा दीड तास होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. लोणावळा लोकलच्या वेळाही आधी पाहून ठेवा. आदल्या दिवशी एकदा त्या गेटपर्यंत जाऊन या. धावत पोहोचलेला उमेदवार आत जाईपर्यंत निम्मा दमलेला असतो. आणि त्याची दुसरी किंमतही कधी कधी मोजावी लागते. ती पुढे सांगतो.

मेडिकल ही दुसरी मुलाखत

पुष्कळांना वाटते, निवड झाली की संपले. पण नेमणुकीआधी वैद्यकीय तपासणी असते आणि काही जण तिथे अडतात. अडण्याची बरीचशी कारणे आधी कळली असती तर दूर करता आली असती.

डोळे: चष्मा लागला असून न वापरणारे पुष्कळ. महिनाभर आधी डोळे तपासा आणि त्या दिवशी चष्मा बरोबर न्या. रंगदोष ही निराळी बाब. ठिपक्यांच्या वर्तुळातला आकडा ओळखायची पुस्तिका जपानचे डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली काढली, ती आजही वापरतात. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणे हा दोष मुलाला आईकडून येतो, मुलग्यांत मुलींपेक्षा खूप जास्त असतो आणि त्याला औषध नाही. ज्याला आहे त्याला तो माहीतही नसतो. तारांचे रंग ओळखायचे काम, पेंट शॉप, अशा ठिकाणी तो आड येतो. दोन वर्षे इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून मग हे कळणे किती वाईट! दहावीनंतर ट्रेड निवडण्याआधीच ही पाच मिनिटांची तपासणी करून घ्या. बाकीची असंख्य कामे त्याला मोकळी आहेत.

कान: मळ साठलेला असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांकडून काढून घ्या, काडी किंवा किल्ली घालू नका. श्रवण तपासणीच्या आदल्या दिवशी डीजे, फटाके, कानात मोठ्या आवाजाची गाणी नकोत. त्याने काही तास ऐकू कमी येते.

रक्त: मुलींमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली असणे अगदी सर्रास आढळते. लोहाच्या गोळ्यांनी ते वाढते, पण त्याला आठवडे लागतात. म्हणून आजच तपासा. मुलग्यांत ते १३ च्या वर हवे.

लघवी: आदल्या दिवशी फार व्यायाम केला तर लघवीत प्रथिने दिसू शकतात. मासिक पाळी चालू असेल तर तसे सांगा, नाही तर रक्त दिसल्याने उगीच शंका येते. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर छातीच्या एक्स-रेआधी सांगितलेच पाहिजे.

हर्निया, हायड्रोसील: लाजेपोटी मुले वर्षानुवर्षे लपवतात. शस्त्रक्रियेने बरे होणारे आहे. आधी करून घ्या.

आता रक्तदाब. इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मी एका कारखान्यासाठी भरतीची तपासणी करत असे. एकदा चाळीस मुलांची रांग होती. एक मुलगा उशिरा आला. लोकल चुकली म्हणून बऱ्याच अंतरावरून धावत आला होता. मी लगेच पट्टा बांधला. रक्तदाब १५६/९८. मी कागदावर "अपात्र" लिहिले आणि पुढच्याला बोलावले. त्याने काही विचारले नाही. मीही काही विचारले नाही.

बारा-तेरा वर्षांनी एक टेम्पोवाला आपल्या मुलीला ताप आला म्हणून माझ्या दवाखान्यात घेऊन आला. औषध लिहून झाल्यावर म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या लक्षात नसेल, मला तुम्ही एकदा फेल केलं होतंत." मला आठवेना. त्याने तारीख सांगितली, वार सांगितला. मी त्याला बसवले, पाच मिनिटे बोललो, मग रक्तदाब घेतला. १२२/७८. त्याच्या घरी कोणालाही रक्तदाब नव्हता, त्यालाही कधी नव्हता. तो धावत आला होता, घाबरला होता, एवढेच. मला दहा मिनिटे थांबून पुन्हा मोजायला हवे होते. ते मी केले नाही. त्याने माझ्यावर राग धरला नाही, हे त्याचे मोठेपण. माझ्या मनातून मात्र ते जात नाही.

म्हणून सांगतो. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसायचे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, विडी नको. लघवी तुंबलेली नको. डॉक्टरचा कोट पाहूनच काहींचा दाब चढतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. जास्त आला तर नम्रपणे म्हणा, "डॉक्टर, मी घाईत आलो आहे, थोड्या वेळाने पुन्हा घ्याल का?" असे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, कृपया पुन्हा मोजा.

काय सांगावे, काय कोणी विचारू नये

दर आठवड्याला कोणी तरी येऊन म्हणते, "डॉक्टर, फिट आहे असं लिहून द्या, बाकी काही लिहू नका." मी तपासून जे दिसते ते लिहितो. फिट्स येणाऱ्या माणसाने त्या लपवून प्रेसवर किंवा उंचावर काम घेतले तर हात जाईल, जीवही जाईल. जागरणाने फिट येऊ शकते, म्हणून रात्रपाळीचाही विचार हवा. आजार सांगून मानवेल असे काम मागणे शहाणपणाचे. मधुमेह आटोक्यात आहे, क्षयाचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा करून बरे झालो आहोत, असे असेल तर कागदपत्रे बरोबर ठेवावीत. बरा झालेला क्षय हे काम नाकारण्याचे कारण नव्हे.

पण दुसरी बाजूही आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी कामगाराचे प्रकरण आले होते. एका सार्वजनिक उपक्रमात तो काम करत होता. कायम करण्याआधीच्या तपासणीत एचआयव्ही निघाला आणि त्याचे काम गेले. बाकी तो धडधाकट होता. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून निकालात नाव न देता "एमएक्स" एवढेच लिहिले. न्यायालयाने सांगितले, की माणूस काम करू शकतो का आणि त्याच्यापासून इतरांना खरोखर धोका आहे का, हे पाहायला हवे. नुसत्या एचआयव्हीमुळे काम नाकारणे घटनेला धरून नाही. पुढे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरीची अट म्हणून एचआयव्हीची चाचणी करणे त्याने मना केले आहे.

मुलींनी आणखी एक प्रकरण माहीत करून घ्यावे. आयुर्विमा महामंडळाच्या एका उमेदवार महिलेला प्रोबेशनवर असताना कमी केले, कारण अर्जात मासिक पाळीच्या तारखा, गर्भधारणा अशा खासगी प्रश्नांना दिलेली उत्तरे बरोबर नव्हती म्हणे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला कामावर परत घ्यायला लावले आणि असले प्रश्न अर्जातून काढून टाकायला सांगितले. तेव्हा "लग्न कधी, मूल कधी" असे कोणी विचारले तर "कामाच्या वेळा मी पाळीन" एवढे उत्तर पुरे.

आणखी एक. "मेडिकलचे पैसे आधी भरा, मग नेमणूकपत्र देतो" असा फोन आला तर पैसे भरू नका. आधी कारखान्याच्या गेटवर जाऊन चौकशी करा.

चाळिशीतला उमेदवार

मुलाखती फक्त पोरांच्याच नसतात. आपल्या तळेगावातला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याचे उत्पादन थांबले. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. मधल्या काळात दहा-बारा वर्षे हात मुरलेले कामगार पुन्हा उमेदवार होऊन रांगेत उभे राहिले. घराचे हप्ते, मुलांच्या फिया आणि समोर प्रश्न विचारणारा आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यांची भीती निराळी. अनेकांना तपासणीतच प्रथम कळते, की साखर आहे, दाब आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने नोकरी हातात असतानाच वर्षातून एकदा या दोन तपासण्या कराव्यात. वेळीच आटोक्यात आणले तर बहुतेक कामांना अडचण येत नाही. आणि मुलाखतीत वयाबद्दल ओशाळून बोलू नये. बारा वर्षे अपघात न होता मशीन चालवली, ही सांगण्यासारखी गोष्ट आहे.

नकार आला तर

नकाराने वाईट वाटणारच. चार दिवस जेवण गोड लागणार नाही. पण दोन आठवडे उलटूनही झोप नाही, भूक नाही, कशात रस नाही, "माझा काय उपयोग" असे शब्द तोंडी येत असतील, तर तो आळस किंवा नाटक समजू नका. तो आजार असू शकतो आणि तो बरा होतो. आई-वडिलांना विशेष सांगणे: "शेजारच्याच्या मुलाला लागली, तुला का नाही?" हा प्रश्न या दिवसांत विचारू नका. शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते, मराठीतही बोलता येते. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

आता त्या इंदुरीच्या मुलाचे. धाप ओसरल्यावर तो डोके धरून बसला होता. मी म्हणालो, "फोन लाव त्यांना. खरं काय ते सांग." तो म्हणाला, "काय सांगू?" मी म्हणालो, "सकाळी दम्याचा त्रास झाला, दवाखान्यात होतो, दुसरी तारीख मिळेल का, एवढंच." त्याने माझ्यासमोर फोन लावला. हात थरथरत होते, पण वाक्य पुरे बोलला. मी आल्याची आणि गेल्याची वेळ घालून दाखला दिला. त्यांनी गुरुवारची तारीख दिली.

गुरुवारी तो इनहेलर घेऊन, पोहे खाऊन, कुठलीही गोळी न घेता गेला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "धडधडत होतं सर, पण बोललो." निकाल अजून यायचा आहे. पुढचा मंगळवार त्याने पुन्हा दम्याच्या तपासणीसाठी मागून घेतला आहे. आता इनहेलर नियमित घेतो, हे मला निकालाइतकेच महत्त्वाचे वाटते.

पुढच्या आठवड्यात रात्रपाळी आणि झोप यांविषयी.